आर्किटेक्टने काढलेला काटा, कप आणि किटली: रोज वापरता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डॅनिश आर्किटेक्ट आर्ने याकोबसेनच्या काट्या-चमच्यांचा फोटो बघून तुम्हाला ते एकदम आवडले, सेट घ्यायचा विचार चाललाय, पण घरच्यांचं म्हणणं आर्किटेक्ट लोकांची भांडी बघायला सुंदर आणि वापरायला डोकेदुखी, तर खरं काय, सुरुवात कुठून करू आणि जुना माल घेऊ की आत्ता बनतोय तो. मी शिकलो आर्किटेक्चर पण गेली चोवीस वर्षं प्लेट, कप, कटलरी हेच करतोय, जास्त करून हॉटेलांसाठी, त्यामुळे या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही. सावकाश वाचा.

आधी सरळ उत्तर. यातल्या काही वस्तू दिवसातून तीनदा वापरा, वीस वर्षं वापरा, कुठेही कुरकुर नाही. काही वस्तू पहिल्याच आठवड्यात कपाटाच्या वरच्या फळीवर जातात आणि तिथेच राहतात. आणि हा फरक नाव किती मोठं यावर अजिबात ठरत नाही. माझ्या अनुभवात तो एका गोष्टीवर ठरतो, त्या माणसाने वस्तूचा विचार एलेव्हेशनमध्ये केला की सेक्शनमध्ये. एलेव्हेशन म्हणजे समोरून दिसणारं चित्र. सेक्शन म्हणजे वस्तू उभी कापली तर आत काय दिसेल ते, भिंत किती जाड, तळ कुठे टेकतो, कड कशी वळते. फोटोत फक्त एलेव्हेशन येतं. हाताला, ओठाला, भट्टीला आणि भांडी घासणाऱ्याला मात्र सेक्शनच कळतं.

हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही, एका प्लेटने शिकवलं. कामाला लागून दुसरं वर्ष असेल, मी एक प्लेट काढली, एकदम सपाट, कड सरळ वर उठलेली, गच्चीला कठडा असतो तशी. कागदावर फार देखणी दिसत होती. सॅम्पल भट्टीतून आले तर बाराच्या बारा प्लेट्सचं पोट खाली बसलेलं, दोन तर टेबलावर ठेवल्या की गोल फिरायच्या. मला वाटलं कारखान्याने काम बिघडवलं, मी तावातावाने बोललोही. तिथे भट्टी बघणारे एक वयस्कर काका होते, ते काहीच बोलले नाहीत, शेल्फवरून त्यांची नेहमीची एक कच्ची प्लेट घेतली, तिच्या पोटावर आडवी पट्टी ठेवली आणि मला वाकून बघायला सांगितलं. पट्टीखाली मधोमध प्लेट किंचित वर आलेली होती, केसाएवढी. पोर्सलिन, म्हणजे पांढरी चिनी माती, भट्टीत १४०० अंशांच्या आसपास जातं, त्या वेळी ते चक्क मऊ पडतं, स्वतःच्या वजनाने खाली येतं, म्हणून कच्च्या मालात मुद्दाम मधे फुगवटा ठेवायचा म्हणजे भाजल्यावर ती सपाट होते. कडेचंही तेच, ती थोडी जास्त वर उचलून ठेवायची कारण ती पडणारच आहे. शिवाय सगळी वस्तू साधारण १२ ते १५ टक्के आकसते ते वेगळंच. म्हणजे मी काढलेली सपाट रेघ ही भट्टीच्या दृष्टीने वाकडी रेघ होती. त्या दिवसापासून मी कुठलीही प्लेट आधी उलटी करून बघतो. तळाची रिंग किती रुंद, किती आत, तिथे ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, पुसलंय का, पुसल्यावर तो खरखरीत भाग घासून गुळगुळीत केलाय का, कारण नाही केला तर ती खालच्या प्लेटवर आणि तुमच्या टेबलावर ओरखडे काढणार.

आता याकोबसेन. ही कटलरी १९५७ची, कोपनहेगनमधल्या एसएएस रॉयल हॉटेलसाठी केलेली, हॉटेल उघडलं १९६० मध्ये. त्या हॉटेलात इमारतीपासून खुर्च्या, दिवे, दरवाजाच्या मुठीपर्यंत सगळं त्याचंच होतं, त्यामुळे काटे-चमचे दुसऱ्या कोणाचे आणणं त्याला पटलंच नसतं. बनवली ए. मिकेलसन या डॅनिश कंपनीने, आता गेऑर्ग येन्सनच्या नावाने येते. १९६८ च्या एका गाजलेल्या अंतराळपटात भविष्यकाळातले लोक याच चमच्यांनी जेवतात, आणि आज बघितलं तरी ती जुनी वाटत नाही हे खरं आहे.

पण हातात घेतल्यावर काय होतं ते सांगतो. पहिली गोष्ट म्हणजे ती हलकी आणि बारीक आहे. जाडजूड देठाच्या कटलरीची सवय असलेल्या माणसाला वाटतं की हे अपुरंच आहे. देठ कुठे संपतो आणि चमच्याची वाटी कुठे सुरू होते ते सांगता येत नाही, सुरीतही मूठ वेगळी आणि पातं वेगळं असा प्रकार नाही, एकच पट्टी आहे जी पुढे जाऊन धारदार होते. काट्याचे दाते अगदी आखूड. बोचून उचलायच्या पदार्थाला काही अडचण नाही, पण काट्यावर गोळा करून खायचं असेल, बारीक दाणे वगैरे, तर सवय होईपर्यंत निम्मे परत प्लेटमध्ये. दुसरीकडे सूपचा चमचा बघा. त्याची वाटी सममित नाहीये, एका बाजूला झुकलेली आहे, कारण सूप आपण चमच्याच्या बाजूने पितो, टोकाने नाही. आणि म्हणून त्याने तो चमचा उजव्या हाताचा वेगळा आणि डाव्या हाताचा वेगळा असे दोन केले! एवढा विचार करणारा माणूस निष्काळजी नव्हता हे उघड आहे. त्याने हात बघितला होता, तोंड बघितलं होतं, फक्त काट्याच्या बाबतीत त्याला एका अखंड रेषेचा मोह पडला असं माझं मत. तुमच्याकडे जेवणात काट्याला मुख्य काम असेल तर आधी एकच काटा मिळवा, आठवडाभर वापरा, मग सेटचं ठरवा. चमच्यांबद्दल मी डोळे मिटून हो म्हणतो.

आखूड दात्यांची कल्पना त्याच्या एकट्याचीही नाही. इटलीत जिओ पॉन्ती या आर्किटेक्टने १९५१ मध्ये क्रुप कंपनीसाठी केलेल्या काट्यांना असेच आखूड दाते आहेत, तर्क असा की बोचायला टोकंच लागतात. मग लांब दाते कशाला? तर्क बरोबर आहे पण अर्धा, कारण दात्यांमधल्या फटीतून पाणी, रस निथळतो आणि दाते लांब असले की काटा थोडा लवचिकही राहतो. पॉन्तीला मी मात्र फार मानतो. हा माणूस १९२३ पासून १९३० पर्यंत रिचर्ड-जिनोरी या सिरॅमिक कंपनीचा कला संचालक होता, म्हणजे कारखान्यात वर्षानुवर्षं वावरलेला, पाहुणा म्हणून एक ड्रॉइंग देऊन गेलेला नाही.

इटलीचीच अजून एक कटलरी बघण्यासारखी आहे, लुइजी काच्चा दोमिनिओनी आणि लिव्हिओ व पिएर जाकोमो हे दोघे कास्तिल्योनी भाऊ यांनी १९३८ मध्ये केलेली. १९४० च्या मिलान त्रिएनालेत, म्हणजे मिलानच्या डिझाइन प्रदर्शनात, ती दाखवली गेली. पुढे १९९० मध्ये आलेस्सी या इटालियन कंपनीने ती परत काढली तेव्हा धाकट्या आकिल्ले कास्तिल्योनीने त्यात चार दात्यांचा काटा घातला, कारण मूळ काट्याला तीनच दाते होते आणि लोकांना सवय चाराची. पन्नास वर्षांनी आपल्याच भावांच्या कामात एक दाता वाढवायचा आणि तो वाढवलाय हे कळूही द्यायचं नाही, याला हातोटी लागते. रोजच्या वापरासाठी कटलरी विचाराल तर माझी पहिली शिफारस हीच, याकोबसेनच्या आधी.

आता ज्या वस्तूबद्दल मला मनापासून लिहायचंय ती कटलरी नाहीच, तो एक पाण्याचा ग्लास आहे. आयनो आल्टो. आर्किटेक्ट नवरा अल्वार इतका प्रसिद्ध की तिचं नाव बऱ्याच जणांना माहीतच नसतं, पण ती स्वतः आर्किटेक्ट होती, १९२० मध्ये हेलसिंकीत शिक्षण पूर्ण केलेली. १९३२ मध्ये फिनलंडमधल्या कारहुला-इत्ताला काच कारखान्याने स्पर्धा ठेवली, त्यात तिने प्रेस्ड ग्लासचा एक संच पाठवला, ग्लास, जग, वाट्या, प्लेट्स. दुसरं बक्षीस मिळालं. १९३६ च्या मिलान त्रिएनालेत त्यालाच सुवर्णपदक मिळालं. आणि तो ग्लास आजही बनतोय, थोडेफार बदल करून.

तो ग्लास हातात घ्या. खाली निमुळता, वर रुंद, आणि बाहेरून आडव्या वलयांनी वेढलेला, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशी वलयं. बोटं आपोआप त्या खाचांमध्ये बसतात, ओल्या हातातूनही निसटत नाही. काठाजवळ वलयं थांबतात आणि एक गुळगुळीत पट्टा येतो, कारण तिथे ओठ लागणार आहेत. आता हे कारखान्याच्या बाजूने बघा. प्रेस्ड ग्लास म्हणजे वितळलेल्या काचेचा गोळा लोखंडी साच्यात टाकायचा आणि वरून दट्ट्या दाबायचा. स्वस्त पद्धत, पटापट होते, पण काच तोंडाने फुंकलेल्या काचेसारखी नितळ येत नाही, बारीक बुडबुडे, रेषा, ढगाळ पट्टे राहतात आणि साच्याचा सांधा दिसतो. सपाट भिंतीवर हे सगळे दोष लगेच नजरेत भरतात. वलयं असली की प्रकाश तुटतो, नजर वलयांवर जाते आणि दोष गायब. निमुळता आकार का, तर दट्ट्या आणि साच्यातून ग्लास सरळ बाहेर निघायला हवा. म्हणजे एकच आकार हाताचं काम करतोय, ओठाचं करतोय, साच्याचं करतोय, स्वस्त काचेची अब्रूही राखतोय. त्यात एकही रेघ शोभेची नाही आणि तरी तो सुंदर आहे. मी विद्यार्थ्यांना शिकवायला जातो तेव्हा हाच ग्लास खिशात घालून नेतो, आणि आधी काहीही न बोलता तो वर्गात फिरवतो.

त्याच पठडीतली दुसरी बाई म्हणजे डेन्मार्कची ग्रेटे मायर. हीसुद्धा आर्किटेक्ट. ब्योर्गे मोगेनसेनबरोबर तिने घरातल्या कपाटांची एक पद्धत बसवली, त्यासाठी त्यांनी माणसाकडे शर्ट किती, प्लेट्स किती, कोणती वस्तू किती इंच जागा घेते याची चक्क मोजमापं घेतली. नंतर काही वर्षं ती डेन्मार्कच्या बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये होती, तिथेही हेच, घरात लोक प्रत्यक्षात काय करतात ते मोजायचं. अशी बाई जेव्हा १९६५ मध्ये रॉयल कोपनहेगन या भांड्यांच्या कंपनीसाठी ब्लोकांट नावाचा डिनरसेट करते तेव्हा तो कसा असणार ते तुम्हीच बघा. साधी गोल भांडी, काठाला बारीक निळी रेघ, एकावर एक नीट बसणारी, आणि प्रत्येक आकार दोन-तीन कामांना चालणारा. १९७६ मध्ये तिने इल्डपॉट केलं, फ्रीझरमधून काढून थेट गरम ओव्हनमध्ये ठेवता येईल अशी भांडी, आणि झाकण उलटं केलं की त्याचीच वाढायची थाळी. फोटोत बघाल तर यात काहीच नाही असं वाटेल. कपाटात रचाल तेव्हा कळेल.

रचण्याचं एवढं कौतुक का करतोय? हॉटेलच्या स्वयंपाकघरात एकावर एक वीस कप ठेवता आले नाहीत तर ते डिझाइन त्याच दिवशी बाद होतं. घरात एवढं कडक नसेल पण तुमचं कपाटही काही अमर्याद नाही ना. आणि ज्या वस्तू नीट रचता येत नाहीत त्यांचेच काठ आधी उडतात, हे मी शंभरदा बघितलंय.

थोडं मागे जातो, कारण हे सगळं सुरू कुठून झालं ते कळलं तर बाजारातला माल ओळखायला सोपं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात बऱ्याच आर्किटेक्ट्सचा आग्रह होता की घर म्हणजे भिंतीपासून चमच्यापर्यंत एकाच हाताचं काम असावं. व्हिएन्नात योसेफ हॉफमन आणि कोलोमन मोझर यांनी १९०३ मध्ये व्हीनर व्हेर्कस्टेट नावाची कार्यशाळा काढली, आणि लगेच १९०३-०४ मध्ये हॉफमनने चांदीची एक कटलरी केली, सपाट पट्ट्या, नक्षी जवळपास शून्य. तेव्हाच्या टीकाकारांना ती ऑपरेशनच्या हत्यारांसारखी वाटली. खरंच, सपाट देठाची कड तळव्याला लागते, ती वस्तू बघायचीच जास्त आहे. त्याच हॉफमनचे लोबमायर या काच कंपनीसाठी १९१२ मध्ये केलेले ग्लास मात्र निराळे, पातळ काच, त्यावर काळी रेषा, हातात अक्षरशः वजनच नाही. आणि त्याच लोबमायरकडे १९३१ मध्ये आर्किटेक्ट अडॉल्फ लूसने बारसेट, म्हणजे ग्लासांचा संच, केला, ज्या माणसाने आयुष्यभर नक्षीकामावर टीका केली त्याने. सरळ उभ्या भिंतींचे ग्लास, बाहेर काहीच नाही, पण तळाला बारीक जाळीसारखे हाताने पाडलेले पैलू. रिकामा ग्लास शांत दिसतो, पाणी ओतलं की तळातून प्रकाश चमकायला लागतो. मी एकदा तो ग्लास खिडकीजवळ धरून बराच वेळ नुसता हलवत बसलो होतो. आता याला नक्षी म्हणायचं की नाही यावर लोक वाद घालतात, मला विचाराल तर तो सेक्शनचाच विचार आहे, काच जिथे सर्वात जाड तिथेच काम केलंय.

जर्मनीत पेटर बेहरेन्सने १९०९ मध्ये एईजी या विजेच्या उपकरणांच्या कंपनीसाठी विजेच्या किटल्या केल्या त्या मला आजही धडा वाटतात. तीन आकार, तीन धातू, पृष्ठभागाचे तीन प्रकार, शिवाय लहान-मोठी मापं, आणि हँडल, झाकण असे भाग एकमेकांना चालणारे. हिशोबाने ८१ प्रकार होऊ शकत होते, प्रत्यक्षात तीसेक विकायला आले. हा इमारतीचा विचार आहे, थोडे भाग आणि पुष्कळ घरं, पण त्याने किटलीला इमारतीसारखं दिसायला लावलं नाही. फ्रँक लॉईड राइटने टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलसाठी, जे १९२३ मध्ये उघडलं, पांढऱ्या पोर्सलिनवर रंगीत वर्तुळांचा सेट केला. वर्तुळं मधोमध नसून कडेकडे तरंगतात, फार प्रसन्न काम आहे, पण भांड्याचा आकार नेहमीचाच, सगळा जीव वरच्या चित्रात. असा सेट घ्यायचा असेल तर रंग ग्लेझच्या वर आहे की खाली हे विचारा. वर असेल तर बोटाला कड लागते, आणि डिशवॉशरमध्ये तो रंग हळूहळू फिका पडत जातो.

ओतायच्या भांड्यांवर वेगळं बोलायला हवं, कारण आर्किटेक्ट लोक सगळ्यात जास्त पडतात ते तिथेच. टीपॉट ही टेबलावरची सर्वात अवघड वस्तू आहे. नळीचं टोक आतल्या पातळीपेक्षा वर हवं, नाहीतर पूर्ण भरताच येणार नाही. नळीचा ओठ धारदार कापलेला हवा, गोलसर असला की शेवटचा थेंब ओठाला चिकटून खाली ओघळतो आणि टेबलक्लॉथवर डाग. भांडं नव्वद अंशात वाकवलं तरी झाकण पडता कामा नये. हँडल अशा जागी हवं की भरलेलं भांडं उचलताना मनगट पिळावं लागू नये, आणि हँडल व भांडं यात बोटं न भाजण्याएवढी जागा. यातलं एकही एलेव्हेशनमध्ये दिसत नाही.

याकोबसेनची स्टेल्टन कंपनीसाठी केलेली सिलिंडा-लाइन, १९६७ची, सगळी सरळ स्टीलची नळकांडी आणि काळी नायलॉनची हँडल. त्याचा सावत्र मुलगा पेटर होल्मब्लाड त्या कंपनीत होता, तो मागे लागला म्हणून हे काम झालं आणि पूर्ण व्हायला तीन वर्षं गेली, कारण इतकी काटेकोर, सांधा न दिसणारी स्टीलची नळकांडी करणं तेव्हा सोपं नव्हतं. यातली बर्फाची बादली, ट्रे, शेकर अप्रतिम, कारण त्यांना नळकांडंच व्हायचं होतं. कॉफीपॉटही चांगला, फक्त शेवटचा कप काढताना तो जास्त वाकवावा लागतो, पोट नसलेल्या भांड्याचा तो स्वभावच आहे. वॉल्टर ग्रोपिउसने त्याच्या टीएसी या फर्मबरोबर रोझेनथाल या जर्मन पोर्सलिन कंपनीसाठी टीसेट केला तो १९६९चा, त्याच वर्षी तो गेला. त्या टीपॉटचं पोट अर्ध्या चेंडूसारखं, वजन खाली, धरायला भक्कम. त्याने रोझेनथालसाठी झेल्बमध्ये कारखानाही बांधला होता, म्हणजे भांडी जिथे भाजतात ती जागाही त्याच्या ओळखीची होती, आणि ते टीपॉटमध्ये कुठेतरी उतरलंय असं मला वाटतं.

चूक मान्य करून सुधारल्याचं माझं आवडतं उदाहरण मास्सिमो विन्येल्लीचं. शिक्षण आर्किटेक्चरचं, आणि एकावर एक घट्ट बसणाऱ्या मेलामाइनच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, प्लेट्स, कप, ज्यांना १९६४ मध्ये कोम्पासो दोरो हे इटलीचं डिझाइनचं बक्षीस मिळालं, नंतर अमेरिकेत हेलरच्या नावाने प्रचंड खपल्या. त्या मालिकेतल्या मगचं हँडल जिथे कपाला मिळतं तिथे वर एक खाच होती, ड्रॉइंगमध्ये सुंदर, भिंत आणि हँडल एकच वळण घेतात. इटलीत कप कोणी काठोकाठ भरत नाही. अमेरिकेत मग गच्च भरायची सवय, मग काय, कॉफी खाचेतून हँडलवरून खाली. शेवटी ती खाच बंद करावी लागली. डिझाइनरने कितीही म्हटलं की लोक जास्त भरतात, तरी मग भरणाऱ्याचाच असतो.

ऐंशीच्या दशकात वारं बदललं. आलेस्सीने अलेस्सांद्रो मेंदिनीच्या हाताखाली अकरा आर्किटेक्ट्सकडून चांदीचे टी-कॉफी सेट करून घेतले, १९८३ मध्ये दाखवले, प्रत्येकी फक्त ९९ प्रती. चौकातल्या इमारतींसारखी भांडी, हान्स हॉलाइनचा सेट तर विमानवाहू जहाजावर ठेवल्यासारखा. ती संग्रहालयाची वस्तू आहे, तिला ओतण्याची परीक्षा लावणं मला योग्य वाटत नाही. पण त्यातूनच आल्दो रोस्सीची ला कोनिका १९८४ मध्ये आणि मायकेल ग्रेव्हजची शिट्टीवर पक्षी असलेली किटली १९८५ मध्ये बाजारात आली. ला कोनिका दिसायला सरळसरळ कळसाची इमारत, तरी चालते, कारण स्टोव्हवरच्या एस्प्रेसो पॉटचं कामच मजल्यांचं आहे, खाली पाणी, मधे पूड, वर तयार कॉफी. इमारतीची उपमा तिथे भांड्याच्या आतल्या रचनेशी जुळून गेली. ज्या भांड्यात ती जुळत नाही तिथे तीच उपमा वजन आणि कोपरे होऊन हातात येते.

बरं, खरेदी. जुना माल की नवा? काचेत जुना घ्यायला हरकत नाही, काठावरून ओलं बोट फिरवा, टवका लगेच लागतो, आणि उजेडाकडे धरून आत पांढुरका ढग आहे का बघा, तो घासून जात नाही. पोर्सलिन बोटांच्या टोकांवर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाच्या गाठीने वाजवा, नाद स्वच्छ आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा आहे, भले दिसत नसेल. कटलरीत मात्र मी शक्यतो नवा घ्या म्हणतो, अपवाद चांदीचा, कारण जुन्या स्टीलच्या सेटमध्ये नग हरवलेले असतात आणि वेगवेगळ्या काळातल्या नगांचं पॉलिश जुळत नाही. नकली माल भरपूर आहे, विशेषतः याकोबसेनचा. ओळखायची जागा म्हणजे काट्याच्या दात्यांमधली आतली बाजू. खऱ्या मालात तिथेही घासून पॉलिश केलेलं असतं, नकलीत तिथे कापल्याची खरखरीत कड तशीच, नखाने लगेच कळते. स्टीलवर १८/१० लिहिलेलं असेल तर क्रोमियम आणि निकेलचं प्रमाण, ते चांगलंच. सुरीच्या पात्यावर वेगळा आकडा दिसला तर दचकू नका, धार टिकायला पातं वेगळ्या, कडक करता येणाऱ्या स्टीलचं लागतं, त्यात निकेल नसतं म्हणून त्यावर डाग लवकर पडतात. ओली सुरी रात्रभर तशीच ठेवू नका एवढंच.

सुरुवात म्हणाल तर सेटने करूच नका. आयनो आल्टोचे चार ग्लास घ्या, त्यात फसवणूक होण्यासारखं काही नाही. त्यानंतर वर सांगितला तो इटालियन सेट किंवा याकोबसेनचे नुसते चमचे. प्लेट्स शेवटी, आणि त्या दुकानात हातात घेऊन, उलट्या करून, चार एकावर एक ठेवून, वरची हलते का बघून. टीपॉट तर पाणी भरून ओतून दाखवा म्हणून मागा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही, आणि म्हणाला तर तो टीपॉट सोडा.

तुम्ही शेवटी ओझरतं विचारलं होतं की पांढऱ्या प्लेट्सवर करड्या रेघा येतात त्या ओरखडे आहेत का. बहुतेक वेळा नाहीत. ग्लेझ स्टीलपेक्षा कडक असतं, त्यामुळे सुरी-काट्याचाच धातू त्यावर घासला जाऊन चिकटतो, पेन्सिलीची रेघ उठते तसा, आणि मॅट ग्लेझवर तो जास्त चिकटतो कारण तो पृष्ठभाग खडबडीत असतो. स्टीलची भांडी साफ करायची मऊ पेस्ट ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने गोल गोल फिरवा, दोन मिनिटांत जातात. घासूनही रेघ राहिली आणि नख तिच्यात अडकलं तर मात्र तो खरा ओरखडा, ग्लेझच मऊ आहे, आणि असा सेट असेल तर त्याला धारदार सुरी लावू नका.